विज्ञानाचा तास भिंतीबाहेर हवा

आमचे विज्ञानाचे सर गेल्या हिवाळ्यात गेले. बातमी कळली तसे जुने विद्यार्थी एकमेकांना फोन करू लागले. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरूला, कोणी अजून इंदूरच्या रामबागेतच. महिन्याभरात सरांच्या नावाने निधीही जमायला लागला. आता त्या पैशाचं काय करायचं यावर दोन मतं आहेत. बहुतेकांना वाटतं, शाळेत सरांच्या नावाने एक स्मार्ट क्लास व्हावा. भिंतभर डिजिटल फळा, एसी, नवी बाकं, दाराशी सरांचा फोटो. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे.

माझा या कल्पनेला विरोध आहे. आणि तो सविस्तर लिहायलाच हवा असं वाटलं, कारण प्रश्न एका शाळेचा किंवा एका निधीचा नाही. पालक, विश्वस्त, देणगीदार, शिक्षण खातं, सगळेच सध्या असं धरून चालले आहेत की विज्ञानाचं शिक्षण सुधारायचं म्हणजे खोलीत काहीतरी नवीन बसवायचं. इंदूरसारख्या शहरात, जिथे शाळेपासून अर्ध्या तासावर तलाव आहे आणि तासाभरावर विंध्याचा घाट आहे, तिथे मुलं सातवी-आठवीचं विज्ञान संपूर्णपणे छताखाली शिकतात, ही मला गंभीर गोष्ट वाटते.

शोकसभेत बहुतेक जण सरांच्या भटकंतीबद्दल बोलले. सायकलवरून सिरपूरच्या तलावावर जाणारे सर, खिशात भिंग ठेवणारे सर, पळस फुलला की अख्खा वर्ग घेऊन निघणारे सर. सगळं खरं आहे. पण त्या बोलण्यातून असं चित्र उभं राहतं की सर विज्ञान शिकवायचे ते वर्गात, आणि आम्हाला बाहेर न्यायचे ते हौसेपोटी. हे चित्र चुकीचं आहे, आणि ते शाळेच्या सोयीचंही आहे. एखाद्याची हौस म्हटली की ती त्याच्याबरोबर संपली तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही. झालंही तसंच. सर निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी बाहेर जाणं बंद पडलं. त्यांच्यानंतर आलेले शिक्षक कमी प्रतीचे होते असं मुळीच नाही. त्यांना कोणी वेळ दिला नाही, परवानगी दिली नाही, आणि काही बिनसलं तर आम्ही तुमच्या पाठीशी आहोत असं कोणी सांगितलं नाही.

सर बाहेर काय शिकवत होते, त्याचं एकच उदाहरण जरा नीट सांगते. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी एक लोखंडी सळई रोवली होती. ती सरळ आहे की नाही हे गवंड्याकडून आणलेल्या ओळंब्याने आम्हीच तपासायचो. शनिवारी शाळा लवकर सुटायची, त्यानंतर तासभर थांबून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला चुन्याची खूण करायची आणि पट्टीने लांबी मोजून वहीत लिहायची. एवढंच काम. पहिल्याच महिन्यात वर्गात भांडण लागलं, कारण सूर्य दुपारी बारा वाजता डोक्यावर असतो हे आम्ही सगळे पाठ करून आलो होतो आणि सळईची सावली बारा वाजता सगळ्यात आखूड होतच नव्हती. ती साडेबाराच्या आगेमागे आखूड व्हायची. घड्याळ चुकलं असेल म्हणून कोणी घरून दुसरं घड्याळ आणलं. शेवटी सरांनी नकाशा काढला. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, इंदूर ७६ च्या थोडं अलीकडे, आणि एका अंशाला चार मिनिटं. गुणाकार आम्ही केला. सव्वीस-सत्तावीस मिनिटं आली.

मग लक्षात आलं की सावली दुपारीसुद्धा नाहीशी होत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी ती सळईच्या उंचीएवढी, किंचित जास्तच, लांब पडायची. मार्चमध्ये निम्म्याहूनही कमी. नाहीशी ती वर्षातून दोनदाच होते, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कारण इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे. आणि या दोन दिवसांच्या मधल्या चार आठवड्यांत इथे भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे सर सुटीत करून बघायला सांगत, ज्याने त्याने आपल्या ओट्यावर नाहीतर गच्चीवर. जुलैतला दिवस बहुधा ढगात जायचा. जूनचा मात्र सापडायचा, आणि शाळा उघडल्यावर मुलं धावत येऊन सांगायची की सावली उलटी पडली. पुढे कधीतरी उज्जैनच्या जंतर-मंतरवर नेलं तेव्हा सवाई जयसिंगाची यंत्रं काय मोजत होती हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती वेधशाळा उज्जैनला का बांधली असेल याचं उत्तर वर्गातल्या एका मुलीने दिलं, आणि ती काही पहिल्या पाचांतली नव्हती.

आता हेच डिजिटल फळ्यावर दाखवता येतं. दोन मिनिटांत पृथ्वी फिरते, बाण येतात, सावली लांब-आखूड होते. मी ते पाहिलं आहे, सुंदर असतं. पण फळ्यावरची सावली कधी चुकत नाही. मैदानातल्या सळईला कोणी फुटबॉल मारतं, ढग येतो, खूण पावसाने धुतली जाते, दोन मुलांची मापं जुळत नाहीत. मग विचारावं लागतं की चूक तुझी, पट्टीची की सूर्याची. हा प्रश्न पडणं म्हणजेच विज्ञान सुरू होणं. फळ्यावर तो पडूच शकत नाही, कारण तिथे उत्तर आधीपासून भरून ठेवलेलं असतं. फळा वाईट नाही. रक्ताभिसरण, अणू, लांबच्या आकाशगंगा, हे दाखवायला तो उत्तमच. ज्या गोष्टी दारात उभ्या आहेत त्यांच्या जागी तो आणून बसवणं माझ्या मते चूक आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इंदूरकरांना ती माहीत असायलाच हवी. सर आम्हाला महूच्या पुढे घाटमाथ्यावर न्यायचे. तिथे उभं राहून ते विचारायचे, इथे पडलेला थेंब कुठे जाईल? उत्तरेच्या उतारावर पडला तर कान्ह किंवा गंभीर, मग क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा आणि बंगालचा उपसागर. दक्षिणेला पडला तर चोरल, मग नर्मदा आणि अरबी समुद्र. पुस्तकात जलविभाजक ही दीड ओळीची व्याख्या आहे. तिथे उभं राहिलं की पायाखाली दोन समुद्र वाटले गेलेले दिसतात. आणि मग सरांचा पुढचा प्रश्न यायचा: आपल्या नळाला पाणी कुठलं? नर्मदेचं. जलूदहून सत्तरेक किलोमीटर, पंपांनी घाट चढवून आणलेलं. आपण ते पितो, वापरतो आणि कान्ह-सरस्वतीत सोडतो. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी इंदूर शहर रोज उचलतं आणि बंगालच्या उपसागराकडे वळवून देतं. कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी उभं राहून नदीत काय वाहतंय ते बघितलेलं मूल ही गोष्ट जन्मात विसरत नाही. विजेचं बिल, सांडपाणी, उज्जैनला क्षिप्रेत पोचणारी घाण, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटात आहे.

मी स्वतः पाण्याच्या तपासणीचं काम करते, म्हणून या बाबतीत अधिकाराने बोलू शकते. प्रयोगशाळेत नवीन मुलं-मुली येतात, एम.एस्सी. झालेली, हुशार. यंत्रं भराभर शिकतात. पण नाल्यावर नमुना घ्यायला पाठवलं तर काठावरचं साचलेलं पाणी भरून आणतात, कारण तिथे हात पोचतो. प्रवाहाच्या मध्यात जायचं, वरच्या अंगाला तोंड करून बाटली धरायची, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही आणि रसायनं तिथेच, काठावरच घालायची, नाहीतर प्रयोगशाळेत येईपर्यंत आकडा बदललेला असतो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि त्यांनी ते वाचलेलंही आहे. वाहतं पाणी एका जागी एक असतं आणि दोन हातांवर वेगळं असतं, हे त्यांनी लहानपणी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. चुकीच्या जागेवरून आणलेल्या नमुन्यावर लाखो रुपयांचं यंत्र अचूक उत्तर देतं, आणि ते अचूक उत्तर निरुपयोगी असतं. बाहेरचं शिक्षण ही हळव्या लोकांची मागणी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस आमच्याकडे येऊन बसावं.

शिवाय हे शहर विज्ञानाच्या याच परंपरेतलं आहे. आज इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं म्हणून मिरवतं, ओल्या कचऱ्याचं खत करतं. पण कंपोस्ट खताच्या इतिहासात ‘इंदूर पद्धत’ नावाची चीज आहे, हे इथल्या किती शाळांत सांगितलं जातं? ती पद्धत बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. काडीकचरा, शेण, राख, माती यांचे थर, ठरावीक दिवसांनी ते वरखाली करणं, तीनेक महिन्यांत तयार खत. या पद्धतीवरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर लिहिलं. वाडांचं नाव आपल्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. हॉवर्ड शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना आपले प्राध्यापक मानत. बंद प्रयोगशाळेत तुकड्या-तुकड्यांनी होणाऱ्या संशोधनावर त्यांचा विश्वास नव्हता, शेतात जाऊन बघितल्याशिवाय ते बोलत नसत. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ही जागा मुद्दाम बघून गेले. आमचे सर शाळेच्या मागे खताचा ढीग लावत आणि त्यात लांब थर्मामीटर खुपसत. जानेवारीच्या थंडीत पारा साठ अंशांकडे चढताना आम्ही पाहिला आहे. शेकोटी नाही, वीज नाही, मग ऊब आली कुठून? सूक्ष्मजीव हा धडा आम्ही त्यानंतर वाचला, आणि त्यामुळे तो वाचावासा वाटला.

एक शिक्षक वेडा होता म्हणून हे घडलं, सगळीकडे कसं घडणार, असं विचारणाऱ्यांना मध्य प्रदेशातच उत्तर आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्याची धुरा वाहायला एकलव्य ही संस्था उभी राहिली. खेड्यातल्या, कौलं गळणाऱ्या शाळांत मुलं स्वतः प्रयोग करत, गावाबाहेर जाऊन पानं, किडे, माती, पाणी बघत आणि जे दिसलं ते आपल्या शब्दांत लिहीत. मोठ्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ येऊन त्या शिक्षकांबरोबर बसत. अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या करायला लागले ते याच कार्यक्रमात. सगळ्यात मोठी गोष्ट परीक्षेची. पुस्तक आणि वही उघडी ठेवून लेखी परीक्षा, आणि प्रात्यक्षिकाची वेगळी. पाठांतराला तिथे भाव राहिला नाही, म्हणून शिक्षकाला वर्गाबाहेर पडणं परवडलं.

२००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेलं काम एका निर्णयाने थांबलं. मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, असं शिक्षण श्रीमंत शाळांची मिरास नाही, ते साध्या शाळेत, साध्या शिक्षकांकडून, हजारो मुलांसाठी होऊ शकतं. दुसरी, त्याला वेळापत्रक, परीक्षा आणि वरिष्ठांचा आदेश यांचा आधार नसेल तर ते माणसांच्या उत्साहावर किती दिवस टिकणार? होशंगाबादला तीस वर्षांचा अनुभव असून टिकलं नाही, तर आमचे सर एकटे होते.

विरोधात जे बोललं जातं त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. आमच्याकडे पाताळपाणीच्या धबधब्यावर २०११ च्या जुलैत अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. आपलं मूल शाळेच्या भरवशावर पाण्याजवळ पाठवताना आईच्या पोटात गोळा येणारच. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर प्राचार्य सहली बंद करतात, आणि त्यांना दोष देणं सोपं नाही.

पण या दुर्घटना नीट पाहिल्या तर तिथे मुलं शिकायला गेलेली नव्हती. वर्षातून एकदा, मोठा जमाव, अनोळखी जागा, ठेकेदाराच्या हातात सगळी व्यवस्था, ही सहल झाली. सर आम्हाला पावसाळ्यात पाताळपाणीला कधीही घेऊन गेले नाहीत. वर घाटात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं, हे ते वर्गातच सांगत, आणि नेत ते दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, खडक उघडे पडल्यावर. तीस-पस्तीस मुलं, बरोबर एक बाई आणि शाळेतले एक मामा. आदल्या रविवारी सर स्वतः जागा बघून आलेले असत. पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. ज्या मुलांना ओढ्याचं वागणं कळतं ती पुढे आयुष्यात ओढ्याला भितात. ज्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही ती कॉलेजात गेल्यावर मित्रांबरोबर पहिल्यांदा जातात, मोबाइल हातात घेऊन, निसरड्या खडकाच्या अगदी टोकाशी. बाहेर जाणं बंद करून धोका टळत नाही, तो चार-पाच वर्षं पुढे जातो, आणि तेव्हा बरोबर कोणी जाणतं नसतं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आमच्या घरातून मला बाजारापलीकडे एकटं जायची मुभा नव्हती, बहुतेक मैत्रिणींची तीच गत. सर घरी येऊन वडिलांशी बोलायचे, बरोबर बाई आहेत हे सांगायचे, किती वाजता परत आणणार ते सांगायचे आणि त्या वेळेला परत आणायचे. भाऊ शेजारच्या मुलांबरोबर कुठेही भटकू शकत होता. मला उघडं आकाश मिळालं ते शाळेमुळे. शाळा बाहेर नेणं थांबवते तेव्हा मुलग्यांचं नुकसान होतं, पण मुलींचा रस्ताच बंद होतो. आज घरं बदलली आहेत असं म्हणतात. काही बदलली आहेत, सगळी नाहीत. जी बदलली नाहीत त्या घरांतल्या मुलींना ही मुभा शाळेशिवाय कोण मिळवून देणार?

अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा दुसरा आक्षेप. तो मला फारसा टिकणारा वाटत नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. महिन्याला एक अर्धा दिवस म्हणजे वर्षाचे चाळीस तास धरा. हजारात चाळीस. शंभरातले चार. स्नेहसंमेलनाच्या तालमींना यापेक्षा जास्त वेळ जातो आणि जावा, माझी तक्रार नाही. शिक्षकांना मतदार यादीसाठी, जनगणनेसाठी उन्हातान्हात घरोघर पाठवताना अभ्यासक्रमाची आठवण कोणाला होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलंच आहे. त्यातला भर हस्तकौशल्यांवर असला तरी वाट मोकळी आहे. हवी आहे ती शाळेची इच्छा.

डोळ्यांची बाजू तर पालकांना सगळ्यात लवकर पटावी. इंदुरात कुठल्याही वर्गात डोकावलं तर चष्मे मोजून घ्यावेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला, काहींत नाही. तीन वर्षांनी बाहेरचा तास मिळालेल्यांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, इतरांत ३९.५ टक्के मुलांना. फक्त बाहेर असण्याचा हा फरक. तैवानने तर मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर असावं असा कार्यक्रमच देशभर चालवला. आणि आपण मुलांच्या डोळ्यांसमोर आणखी एक पडदा बसवायला निधी जमवतो आहोत.

हा तास सक्तीचा करा, असं मात्र मी म्हणणार नाही. सक्तीचं काय होतं ते आपण पर्यावरण विषयात पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण सक्तीचा विषय करायला सांगितलं, हेतू निःसंशय चांगला होता. शाळाशाळांत त्याचं रूपांतर प्रकल्पाच्या फायलीत झालं. मुखपृष्ठावर झाड, आत दुकानातून आणलेली चित्रं आणि इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर, तीसुद्धा आईने रात्री बसून केलेली. बाहेर जाण्याचंही तसंच होऊ शकतं. तलावाकाठी फोटो काढायचा, वर पाठवायचा, परत यायचं. म्हणून बाहेर गेल्यावर मुलाने काय करायचं, यावर माझा सगळा भर आहे.

सरांची त्याबाबत एक शिस्त होती. पेन आणायचं नाही, शिसपेन्सिल आणायची, कारण पाणी पडलं तर शाई पसरते. पक्षी दिसला की नाव विचारायचं नाही. आधी चोच कशी, पाय कसे, तो काय करतोय, या तीन गोष्टी लिहायच्या, चित्र काढायचं, नाव सगळ्यात शेवटी. सिरपूरला कमळाच्या पानांवर तुरुतुरु चालणारा एक पक्षी आम्ही असा लिहून काढला होता. बोटं अंगाच्या मानाने भलतीच लांब, पान वाकतं पण बुडत नाही. बोटं इतकी लांब कशाला, यावर अर्धा तास वाद झाला. वजन जास्त जागेवर विभागलं जातं हे एका मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र तिथे चिखलात काडीने लिहिलं गेलं. कमळपक्षी हे नाव त्यानंतर मिळालं. जिथे विहीर खणायचं काम चालू असेल तिथेही सर न्यायचे. वर काळी माती, खाली मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाशी अखंड काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून आपल्या शेतातली काळी कशी झाली, ते वरून खाली वाचता यायचं. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची थोरवी त्या दगडातून आली आहे आणि पाणी खोल का गेलं तेही तिथेच दिसतं.

त्याच दगडाच्याही खाली असलेल्या थरांत, धार जिल्ह्यात, डायनोसॉरची घरटी सापडली आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. इंदूरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. आमच्या शहरातल्या शाळांच्या शैक्षणिक सहली मात्र दुसऱ्या राज्यातल्या वॉटर पार्कला जातात, माणशी हजारो रुपये घेऊन, आणि ज्याचे वडील ते भरू शकत नाहीत तो मुलगा त्या दिवशी घरी बसतो. सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ जागांचं शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्या काठांवर मुलांचे वर्ग भरत नसतील तर त्या मान्यतेचं आपण करायचं काय?

बैठकीत मी जे मांडणार आहे ते असं. निधी बँकेत राहू द्यावा. त्याच्या व्याजातून दरवर्षी बसभाडं, मुलांचा आणि शिक्षकांचा विमा, प्रथमोपचाराची पेटी, भिंगं, थर्मामीटर, पाणी तपासायच्या साध्या बाटल्या आणि बरोबर जाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या माणसाचं मानधन निघावं. एकाही मुलाकडून पैसे घेऊ नयेत. शाळेने वेळापत्रकात महिन्याचा एक अर्धा दिवस लेखी नेमून द्यावा, आणि त्या दिवसाची जबाबदारी एकट्या शिक्षकाच्या गळ्यात न मारता व्यवस्थापनाने आपल्या सहीने घ्यावी. जागा शिक्षकाने आधी बघून यावी, त्या दिवसाचा पगार कापू नये. अंतर्गत परीक्षेतले काही गुण मुलाने स्वतः बाहेर लिहिलेल्या वहीला असावेत, आणि वही छापील असू नये. जे जुने विद्यार्थी इंदुरात आहेत, डॉक्टर, शेतकरी, अभियंते, वन खात्यातले, त्यांनी वर्षातून एक दिवस द्यावा. मी पाण्याचा दिवस घेईन. कान्हच्या काठावर बाटल्या घेऊन उभी राहीन.

सुरुवात सातवीपासून व्हावी असा माझा आग्रह आहे. सहावीत मुलं नवीन शाळेत रुळत असतात, आणि आठवी सरता सरता भंवरकुव्याच्या कोचिंगचे फॉर्म घरी येतात. मधलं ते एक वर्ष अजून आपल्या हातात आहे.